पिल्ले दिसतात आणि नाहीशी होतात

घरचे मत्स्यालय : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे येणारी बरीच पत्रे माशांविषयी नसून श्रिंपविषयी, म्हणजे गोड्या पाण्यात वाढणाऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या शोभेच्या कोळंबीविषयी आहेत. बहुतेकांची अडचण सारखीच आहे. मोठी श्रिंप जगते, मादी पोटाखाली अंडी धरते, पिल्लेही दिसतात आणि मग ती कुठे जातात ते कळत नाही. या वेळी सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेले प्रश्न घेतले आहेत. पत्रे लांब असल्याने ती संक्षिप्त केली आहेत आणि काहींनी विनंती केल्यामुळे सर्वांचीच नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझ्या दोन फुटी टाकीत सहा गप्पी आणि पंधरा लाल चेरी श्रिंप आहेत. तीन माद्यांनी अंडी धरली, पिल्ले झाली, पण तीन दिवसांत एकही उरले नाही. मासे खात असतील असे वाटून दीड फुटी नवी टाकी आणली, आठवडाभर फिल्टर चालवला आणि अंडी धरलेल्या दोन माद्या तिच्यात हलवल्या. तिथेही पिल्ले झाली आणि पंधरा दिवसांत संपली. माद्या मात्र ठणठणीत आहेत. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून देते आणि नळाला पाणी येते त्या दिवशी न चुकता निम्मे पाणी बदलते. माझे काय चुकते? (एक भगिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : पहिल्या टाकीतील पिल्ले गप्पींनी खाल्ली, यात शंका घेण्याचे कारण नाही. चेरी श्रिंपचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा जेमतेम दोन मिलिमीटरचे असते आणि गप्पीच्या तोंडात मावणारी हलती वस्तू गप्पी सोडत नाही. दाट मॉस (पाण्यात वाढणारी झुबकेदार वनस्पती) असेल तर काही पिल्ले वाचतात, पण पैदास हाच हेतू असेल तर श्रिंपची टाकी माशांविना ठेवावी.

दुसऱ्या टाकीची गोष्ट वेगळी आहे आणि आपण मोठी श्रिंप ठणठणीत असल्याचे लिहिले आहे, त्यातच तिचे उत्तर आहे. मोठी श्रिंप टाकीभर हिंडून अन्न शोधते आणि आपण टाकलेल्या दाण्याकडे धावत जाते. पिल्लू पहिले काही दिवस जिथे असते तिथेच बसून समोरचे खरवडून खाते. त्याचे खरे अन्न म्हणजे मॉसच्या पानांवर, लाकडावर आणि काचेवर साचणारा जिवाणू, सूक्ष्म शेवाळ आणि इतर सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर. हा थर आठवडाभरात तयार होत नाही. नव्या टाकीची चकचकीत काच आपल्या डोळ्यांना सुखावते, पण पिल्लाच्या दृष्टीने ते नांगरून ठेवलेले, न पेरलेले रान आहे. पिल्ले पंधरा दिवस अर्धपोटी राहिली आणि बहुधा भुकेनेच गेली.

त्यात अंड्याच्या बलकाने भर घातली असणार. बलक पाण्यात लगेच पसरतो आणि सडू लागतो. सडण्यातून अमोनिया तयार होतो, त्याचे नायट्राइट होते आणि मग त्यापासून फारसा अपायकारक नसलेला नायट्रेट बनतो. हे काम करणारे जिवाणू स्पंजमध्ये आणि वाळूत वस्ती करतात, पण ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांच्या टाकीत ती नसल्यातच जमा होती. यापुढे नवी टाकी लावली की तिच्यात मॉस, जुन्या टाकीतील फिल्टरचा वापरलेला स्पंज आणि दोन-चार गोगलगायी टाकून ती किमान दीड महिना तशीच चालू ठेवावी. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसू लागले, काचेवर हिरवट-तपकिरी पुटे धरू लागली की मगच श्रिंप सोडावी. मागची आणि बाजूची काच पुसण्याचा मोह आवरावा, समोरची काच मात्र खुशाल पुसावी.

बलकाऐवजी देशी बदामाचे झाडावरून आपोआप गळलेले, पूर्ण वाळलेले तपकिरी पान धुऊन, दहा मिनिटे उकळून टाकीत सोडावे. सोलापुरात शाळांच्या आवारांत आणि रस्त्यांच्या कडेला हे झाड मुबलक आहे. पान हळूहळू कुजते, त्यावर सूक्ष्मजीवांचा थर धरतो आणि पिल्ले त्यावर अक्षरशः चरतात. सावलीत वाळवलेल्या शेवग्याच्या पाल्याची वस्त्रगाळ पूड चिमूटभर, एक दिवसाआड, हेही उत्तम अन्न आहे. पाला फवारणी झालेल्या शेतातला नसावा, एवढी खात्री मात्र करून घ्यावी.

आता पाणी बदलण्याविषयी. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे त्या दिवशी घरातली सगळी पाण्याची कामे उरकण्याची आपल्याला सवय लागली आहे, आणि टाकीही त्या सपाट्यात सापडते. कवचधारी प्राण्याला वाढण्यासाठी जुने कवच टाकून नवे धरावे लागते. मोठी श्रिंप तीन-चार आठवड्यांनी एकदा कात टाकते, पिल्ले मात्र सुरुवातीला दर काही दिवसांनी टाकतात. पाण्याचे तापमान आणि क्षार एकदम बदलले की तयारी नसतानाच कात टाकण्याची वेळ येते, आणि निम्मे पाणी बदलणे म्हणजे नेमका तसाच धक्का होय. आठवड्याला दहा टक्के पाणी पुरेसे आहे. तेही बादलीने ओतू नये. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या सलाईनच्या नळीने, चाक फिरवून सेकंदाला एक-दोन थेंब पडतील असे सोडावे. कित्येक तासांचे काम आहे, पण आपल्याला शेजारी बसावे लागत नाही.

अंडी धरलेली मादी हलवू नये, हेही सांगायला हवे. ती पोटाखालच्या पायांनी अंड्यांना सतत वारा घालत असते. जाळीत धरल्याच्या भीतीने ती अंडी सोडून देऊ शकते आणि सुटलेली अंडी बहुधा बुरशीला बळी पडतात. आपल्या माद्यांनी हलवल्यावरही अंडी टिकवली, हे आपले नशीब. एका खेपेला वीस ते तीस अंडी असतात आणि पाण्याच्या उबेनुसार ती तीन ते चार आठवड्यांत फुटतात. शेवटच्या दिवसांत अंड्यात डोळ्यांचे दोन काळे ठिपके भिंगाने स्पष्ट दिसतात. पिल्ले जन्मतःच आईची छोटी प्रतिकृती असतात आणि दोन-अडीच महिन्यांत स्वतः अंडी धरण्याजोगी होतात.

शेवटी फिल्टरचे तोंड पाहावे. मागे टांगायचा फिल्टर असेल तर पिल्ले थेट आत ओढली जातात. त्याच्या तोंडावर बारीक स्पंज बसवावा, किंवा हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर वापरावा. तो स्वस्त आहे आणि पिल्लांसाठी चरायची जागाही ठरतो.

प्रश्न : वर्षभर सुरळीत चाललेल्या टाकीत पाणी बदलल्यावर तीन तासांतच श्रिंप आडव्या पडून झटके देऊ लागल्या. सकाळपर्यंत चाळीसच्या चाळीस गेल्या. त्याच टाकीतल्या माशांना मात्र काहीही झाले नाही. पाणी नेहमीच्याच बॅरलमधले, तीन दिवस साठवलेले होते, म्हणजे क्लोरीन उडून गेलेला असणार. (एक वाचक, अक्कलकोट रस्ता)

उत्तर : मासे सुखरूप आणि श्रिंप आडव्या, ही खूण कीटकनाशकाची किंवा तांब्याची असते. आपल्या पत्रात तांब्याचे काही दिसत नाही, म्हणून मी पहिला संशय बॅरलवर घेतो. डेंग्यूच्या डासाच्या अळ्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतात. त्या मारण्यासाठी घरोघरी येणारे आरोग्य कर्मचारी पाण्यात जे औषध टाकतात, त्याला आपण सगळे 'अबेट' म्हणतो. त्यातील टेमेफॉस हे द्रव्य लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत पिण्याच्या पाण्यातही चालते, असे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले आहे. माणसाला आणि बहुतेक माशांना या प्रमाणात त्याचा त्रास होत नाही, परंतु डासाची अळी आणि श्रिंप हे दोघेही संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांच्या प्राण्यांच्या संघातले. अळीच्या मज्जासंस्थेवर काम करणारे औषध श्रिंपलाही तसेच लागू पडते. त्याचा अंमल साठवणीच्या भांड्यात काही आठवडे टिकतो, त्यामुळे पाणी तीन दिवस ठेवून उपयोग होत नाही.

माझ्याकडेही हे एकदा घडले आहे. घरात कोणी येऊन गेले हे मला ठाऊकच नव्हते. विचारल्यावर आई म्हणाली, "औषधवाले आले होते की, सगळ्या पिंपांत टाकून गेले." सत्तरएक श्रिंप होत्या. त्या दिवसापासून टाकीच्या पाण्यासाठी घट्ट झाकणाचा वेगळा पन्नास लिटरचा ड्रम ठेवला आहे, त्याच्या तोंडावर कापड बांधलेले असते आणि वर 'माशांचे पाणी, औषध टाकू नये' अशी पाटी आहे. कर्मचाऱ्यांना दारातून परत पाठवू नये. डेंग्यू हा श्रिंपपेक्षा फार मोठा प्रश्न आहे. त्यांना झाकलेला ड्रम उघडून दाखवावा, अळ्या नसतील तर ते ऐकतात.

ही टाकी पुन्हा चालू करायची असेल तर पाणी पूर्ण काढून, वाळू अनेकदा धुऊन, फिल्टरमध्ये ताजा सक्रिय कोळसा घालून महिनाभर चालवावी आणि मग एक-दोनच श्रिंप सोडून पाहाव्यात. डासांची अगरबत्ती, भिंतीतल्या सॉकेटला लावायचे द्रव औषध आणि झुरळांचे फवारे यांचाही श्रिंपला असाच धोका असतो. हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो, हे विसरता कामा नये. माशांच्या आजारांवरील औषधांत बरेचदा तांब्याचे क्षार असतात, तेही या टाकीत घालू नयेत. श्रिंपच्या रक्तात प्राणवायू वाहण्याचे काम तांबेच करते, पण पाण्यात विरघळलेले जास्तीचे तांबे त्याच श्रिंपला मारते.

प्रश्न : एप्रिलपासून टाकीचे पाणी ३३ अंशांवर जाते. माद्यांनी धरलेली अंडी सोडून दिली, दोन श्रिंप मेल्या. बर्फाच्या बाटल्या सोडून पाहिल्या, तरी उपयोग नाही. पाणी गार करणारा चिलर परवडणारा नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा छंद सोडूनच द्यावा का? (एक विद्यार्थी, अशोक चौक परिसर)

उत्तर : सोडू नये, पण उन्हाळ्यात पिल्लांची अपेक्षा सोडावी. चेरी श्रिंपला २२ ते २६ अंश मानवतात, २८ पर्यंत ती कुरकुर न करता राहते आणि ३० च्या पुढे रोजचा दिवस तिच्यावर ओझे असते. यामागे केवळ ऊब नाही. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३२ अंशांना तो ७.३ वर येतो, आणि त्याच वेळी श्रिंपच्या शरीराची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. पोटाखालच्या अंड्यांना वेगळा प्राणवायू लागतो. तो पुरत नसेल तर मादी अंडी टाकून स्वतःचा जीव वाचवते.

बर्फाची बाटली सोडणे बंद करावे. तिने दुपारी पाणी चार अंश उतरते आणि संध्याकाळी पुन्हा चढते. हा झोका स्थिर ३१ अंशांपेक्षा वाईट असतो.

सोलापूरचा उन्हाळा कोरडा असतो, हीच आपली सोय आहे. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने टाकीही गार करता येते. झाकण काढून जाळी लावावी आणि एक लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा तिरका बसवावा. कोरड्या हवेत एवढ्याने पाणी दोन ते चार अंश उतरते. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा उपाय लंगडा पडतो, पण तोवर उन्हाचा कहरही ओसरलेला असतो. हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा आणि वीज जाते त्या वेळेसाठी बॅटरीवरचा छोटा पंप घरात असू द्यावा. टाकी पत्र्याच्या खोलीतून आणि पश्चिमेच्या भिंतीपासून हलवावी. ज्यांच्याकडे अजून जुने माळवदाचे घर आहे, त्यांनी टाकी तिथेच ठेवावी. मातीच्या जाड छताखालची दुपार सिमेंटच्या स्लॅबखालच्या दुपारपेक्षा पुष्कळ सुसह्य असते.

या उपायात एक गोम आहे. पंख्याने रोज पाणी उडून जाते, क्षार मात्र टाकीतच राहतात. उडालेले पाणी नळाच्या पाण्याने भरत राहिलात तर महिन्याभरात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण, दीडपट झालेला आढळेल. म्हणून भर घालायची ती आरओच्या पाण्याची, रोज थोडी थोडी. दिवाळीनंतर पाणी आपोआप २४ अंशांच्या आसपास येते आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत माद्या पुन्हा अंडी धरू लागतात. पिल्ले वाढत असताना पाणी उबदार असेल तर नरांचे प्रमाण वाढते, असेही आढळले आहे. तेव्हा हिवाळ्याची पैदास सर्वार्थाने हिताची.

प्रश्न : श्रिंपच्या डोक्याच्या मागे पांढरी रिंग दिसते आणि एक-दोन दिवसांत ती मरते. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे, टीडीएस ११०० आहे. आता पूर्ण आरओचे पाणी वापरू का? (एक वाचक, मोहोळ)

उत्तर : नाही. कात टाकताना कवच पाठीवर, डोके आणि धड यांच्या सांध्यात उकलते आणि श्रिंप त्या फटीतून निसटून बाहेर येते. कवच तिथे फाटले, पण तिला बाहेर पडता आले नाही, की ती पांढरी रिंग दिसते. फार जड पाण्यात कवच राठ होते, फार हलक्या पाण्यात नवे कवच धरायला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळत नाही. निव्वळ आरओ म्हणजे आगीतून फुफाट्यात.

टीडीएसच्या मीटरवर फार विसंबू नये. तो पाण्यात एकंदर क्षार किती, एवढेच सांगतो. त्यांत मीठ किती, नायट्रेट किती आणि कामाचे कॅल्शियम किती हे तो सांगत नाही, आणि बोअरच्या पाण्यात पहिले दोन्ही भरपूर असू शकतात. जीएच, म्हणजे पाण्याचा एकूण कठीणपणा, मोजण्याचे थेंबांचे किट घ्यावे. चेरी श्रिंपसाठी जीएच ६ ते ८, म्हणजे लिटरमागे साधारण ११० ते १४० मिलिग्रॅम कठीणपणा, आणि टीडीएस १५० ते २५० असावा. शक्य असेल तर बोअरऐवजी नळाचे पाणी मिसळावे. समजा नळाच्या पाण्याचा टीडीएस ४५० आणि आरओचा ४० आहे, तर दोन भाग नळाचे आणि तीन भाग आरओचे घेतल्यास मिश्रण सुमारे २०० होते. त्यानंतर जीएच मोजावा. कमी भरला तर श्रिंपसाठी मिळणारे क्षारांचे मिश्रण वापरावे. चालू टाकी या पाण्यावर एका दिवसात आणू नये, महिना-दीड महिना घ्यावा. मेलेल्या श्रिंपच्या काळजीने घाईने सगळे पाणी बदलले की उरलेल्यांनाही तीच रिंग दिसू लागते.

टाकलेले कवच दिसले तर ते मेलेली श्रिंप समजून काढू नये. बाकीच्या श्रिंप ते खातात आणि त्यातले कॅल्शियम परत मिळवतात.

प्रश्न : अमानो श्रिंपने हजारांवर अंडी धरली. पिल्ले सुईच्या टोकाएवढी, पाण्यात उलटी तरंगत होती आणि चार-पाच दिवसांत सगळी मेली. चेरीची जगतात, मग ही का नाहीत? (एक वाचक, पंढरपूर)

उत्तर : कारण ती अजून श्रिंप झालेली नव्हती. ताकाशी अमानो या जपानी मत्स्यालयकाराने शेवाळ खाण्यासाठी ही जात लोकप्रिय केली आणि तिला त्याचेच नाव पडले. निसर्गात तिच्या अळ्या ओढ्याच्या प्रवाहाबरोबर समुद्राकडे वाहत जातात, खाऱ्या पाण्यात अनेक अवस्थांतून वाढतात आणि श्रिंपचे रूप आल्यावर पुन्हा गोड्या पाण्यात शिरतात. घरी हे जमवायचे तर अळ्यांना जन्मल्यापासून काही दिवसांतच समुद्राइतक्या, म्हणजे लिटरमागे ३० ते ३५ ग्रॅम क्षारतेच्या पाण्यात हलवावे लागते, सूक्ष्म शेवाळ वाढवून महिनाभर रोज खाऊ घालावे लागते, आणि एवढे करूनही थोड्याच उरतात. साधे मीठ चालत नाही, सागरी मत्स्यालयाचे मीठ लागते. एकदा करून पाहण्यासारखा प्रयोग आहे, परंतु चेरीची तीन-चार पिढ्यांची पैदास हातात बसण्याआधी त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

बाजारात खाण्यासाठी मिळणाऱ्या मोठ्या झिंग्याचेही असेच आहे. त्याच्या अळ्यांना मचूळ पाणी लागते आणि मोठा झाल्यावर तो आपल्या चेरी श्रिंप खाऊन टाकील.

प्रश्न : लाल आणि निळ्या चेरी एकत्र ठेवल्या तर जांभळी पिल्ले होतील का? जास्तीची पिल्ले तलावात सोडली तर चालतील का? (एक शाळकरी वाचक, सात रस्ता)

उत्तर : जांभळी होणार नाहीत. लाल आणि निळी या एकाच जातीच्या, निवडून निवडून तयार केलेल्या रंगछटा आहेत. त्यांचा संकर झाला की पिढ्यान्‌पिढ्यांची निवड पुसली जाते आणि बहुतेक पिल्ले मूळ रानटी रूपाची, पारदर्शक तपकिरी निघतात. दोन रंग हवे असतील तर दोन टाक्या ठेव. एकाच रंगातही फिकी पिल्ले दर दोन महिन्यांनी वेगळी काढावी लागतात, नाहीतर लाल रंग हळूहळू उतरत जातो.

तलावात मात्र अजिबात सोडू नकोस, मग तो सिद्धेश्वर तलाव असो की कंबर तलाव. ही जात मूळची तैवान आणि चीनच्या बाजूची आहे. जर्मनीत आणि हवाई बेटांवर ती अशीच उघड्या पाण्यात गेली आणि आता तिथे कायमची वसली आहे. जास्तीची पिल्ले वर्गातल्या मित्रांना दे, आणि देताना बरणीत मॉसचा एक झुबका आणि टाकीचेच पाणी घालून दे.